लोकमान्यांची सुटी

वार्षिक परीक्षा आटोपल्या, की कुर्ल्याच्या लोकमान्य टिळक टर्मिनसवर मुलांची एकच गर्दी उसळते. कोणी रत्नागिरीस आजोळी निघालेला असतो, कोणी सावंतवाडीस काकांकडे. पेट्या, पिशव्या आणि पाण्याच्या बाटल्या यांच्या पसाऱ्यात एक वस्तू मात्र बहुतेक प्रत्येक घराच्या सामानात सापडते. ती म्हणजे सुटीतील अभ्यासाची वही. रोज एक पान शुद्धलेखन, पाच उदाहरणे आणि एक निबंध, अशी आज्ञा तिच्या पहिल्या पानावर लिहिलेली असते.

मुख्याध्यापक या नात्याने अशी आज्ञा मीही अनेक वर्षे देत आलो. जून महिन्यात शाळा उघडली, की त्या वह्यांचा ढीग माझ्या मेजावर येऊन पडे. पहिल्या चार पानांवरील अक्षर टपोरे आणि नीटस असे. शेवटची वीस पाने एकाच रात्री लिहून काढलेली आहेत, हे सांगण्यास ज्योतिषी लागत नसे. कित्येक वह्यांत मध्येच अक्षर बदलून थोरल्या बहिणीचे होई. मी वह्यांवर लाल शाईने खुणा करीत असे. परंतु सुटीत मुलांनी अभ्यास करावा की करू नये, हा प्रश्न त्या खुणांनी कधी सुटला नाही.

या प्रश्नाचा विचार करू लागलो, म्हणजे त्या स्थानकास ज्यांचे नाव दिले आहे, त्या थोर पुरुषाचे चरित्र डोळ्यांपुढे येते. लोकमान्य बाळ गंगाधर टिळक यांना आपण स्वातंत्र्याच्या लढ्यातील पुढारी म्हणून ओळखतो. ते एका शिक्षकाचे पुत्र होते, स्वतः शिक्षक होते आणि अखेरपर्यंत विद्यार्थीही होते. त्यांनी आपला मोकळा वेळ कसा घालविला, एवढेच आज आपण पाहू.

टिळकांचा जन्म २३ जुलै १८५६ रोजी रत्नागिरी येथे झाला. त्यांचे नाव केशव. पण घरात त्यांना बाळ म्हणत आणि तेच नाव पुढे रूढ झाले. वडील गंगाधरपंत हे शिक्षक होते. संस्कृत आणि गणित या दोन्ही विषयांत त्यांची गती मोठी होती आणि त्यांनी शाळेस उपयोगी पडतील अशी पुस्तकेही लिहिली होती. अशा घरात शाळेची घंटा झाली तरी विद्या थांबत नसे. गंगाधरपंतांनी बाळास घरीच संस्कृत श्लोक शिकविण्यास आरंभ केला. एक श्लोक पाठ केला, की एक पै बक्षीस, असा त्यांचा नियम होता. त्या काळी एका रुपयाच्या १९२ पै होत. म्हणजे एक रुपया मिळविण्यास १९२ श्लोक मुखोद्गत करावे लागत! बाळाने अशा पैंचा चांगलाच संचय केला. मुंज होण्याच्या वयापर्यंत अमरकोशाचा मोठा भाग आणि संस्कृत शब्दांची रूपे त्याच्या जिभेवर खेळू लागली होती.

हा एक प्रकारचा गृहपाठच होता. परंतु त्याची रीत कशी होती, ते लक्षात घेण्यासारखे आहे. वडील शेजारी बसून अर्थ सांगत, उच्चार सुधारीत आणि श्लोक म्हणून घेत. दिलेला पाठ कोणी ऐकलाच नाही, असे कधी होत नसे.

१८६६ साली गंगाधरपंतांची बदली पुण्यास झाली आणि कुटुंब तेथे राहावयास गेले. त्याच वर्षी बाळाची आई पार्वतीबाई निवर्तली. दहा वर्षांच्या या मुलाचा सारा भार आता वडिलांवर आला. पुण्याच्या शाळेत बाळाची बुद्धी चमकू लागली, तसा त्याचा हट्टी स्वभावही दिसून येऊ लागला. शिक्षकांनी उदाहरण घातले, की तो मनातल्या मनात हिशेब करून उत्तर सांगे. वहीत पायऱ्या उतरवून काढणे त्यास नकोसे वाटे. जे डोक्यात झाले ते पुन्हा कागदावर कशासाठी करावयाचे, असा त्याचा विचार असे. साहजिकच शिक्षकांशी त्याचे खटके उडत.

मग हा मुलगा कष्टाला भीत होता काय? मुळीच नाही. त्याच्या बालपणाची एक गोष्ट प्रसिद्ध आहे. बाणभट्टाची कादंबरी वाचावी, अशी त्यास ओढ लागली. संस्कृत गद्यातील हा ग्रंथ मोठा कठीण. प्रौढ पंडितासही तो घाम फोडतो. बाळाने वडिलांपाशी पुस्तक मागितले. वडिलांनी त्यास गणितातील एक अवघड उदाहरण घातले आणि ते सोडविल्यास पुस्तक मिळेल, असे सांगितले. बाळ त्या उदाहरणामागे लागला आणि ते सुटल्यावरच उठला. एका कठीण कामाचे बक्षीस म्हणून त्याने दुसरे कठीण काम मिळविले!

या दोन गोष्टी एकमेकींशेजारी ठेवून पाहा. वहीत पायऱ्या लिहिण्याचे काम सोपे होते, ते त्याने टाळले. अवघड उदाहरणाचे काम कष्टाचे होते, ते त्याने आनंदाने केले. पहिल्यात त्याच्या बुद्धीस काही करावयाचे उरले नव्हते, दुसऱ्यात तिला आव्हान होते. मुलांना अभ्यासाचा कंटाळा येतो, असे आपण सरसकट म्हणतो. पुष्कळ वेळा त्यांना ज्याचा कंटाळा येतो, तो अभ्यास नसतोच. ती नुसती नक्कल असते.

१८७२ साली गंगाधरपंतही वारले. त्याच वर्षी बाळ मॅट्रिकची परीक्षा उत्तीर्ण झाला आणि पुढील वर्षी डेक्कन कॉलेजात दाखल झाला. त्याची प्रकृती त्या वेळी किरकोळ होती. आपल्या हातून पुढे काही मोठे कार्य व्हावयाचे, तर आधी हे शरीर बळकट केले पाहिजे, असे त्याने मनाशी ठरविले आणि कॉलेजातील पहिले वर्ष व्यायामास वाहिले. तालमीत जोर काढावे, कुस्ती खेळावी, नदीत पोहावे, नाव वल्हवावी, यांत त्याचे दिवस गेले. परिणाम व्हावयाचा तोच झाला. त्या वर्षीच्या परीक्षेत त्यास अपयश आले.

एका हुशार विद्यार्थ्याचे एक वर्ष वाया गेले, असे त्या वेळी अनेकांस वाटले असेल. परंतु पुढे गणित हा विषय घेऊन तो पहिल्या वर्गात बी. ए. झाला आणि १८७९ मध्ये त्याने कायद्याची पदवीही मिळविली. त्या एका वर्षात कमावलेले शरीर त्यास जन्मभर पुरले. दीर्घ तुरुंगवास, मधुमेहासारखा आजार आणि अविश्रांत प्रवास हे सारे त्या देहाने सोसले. वहीचे एकही पान न भरता केलेला हा अभ्यास त्याच्या आयुष्यात फार मोलाचा ठरला. तरीही एक सांगावयास हवे. त्याने ते वर्ष लोळून काढले नव्हते. काय करावयाचे ते स्वतः ठरवून, नेमाने आणि घाम गाळून ते पार पाडले होते. विश्रांती आणि आळस यांतील अंतर ते हेच.

कॉलेजात असतानाच गोपाळ गणेश आगरकर यांच्याशी टिळकांचा स्नेह जुळला. देशाची स्थिती सुधारावयाची, तर शिक्षणापासून आरंभ केला पाहिजे, असा दोघांचा निश्चय झाला. विष्णुशास्त्री चिपळूणकर यांच्यासमवेत टिळकांनी १८८० च्या जानेवारीत पुण्यास न्यू इंग्लिश स्कूल सुरू केले. पुढील वर्षी आगरकरही येऊन मिळाले. १८८४ मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटी आणि १८८५ मध्ये फर्ग्युसन कॉलेज स्थापन झाले. सरकारी नोकरीचा मोठा पगार सोडून या तरुणांनी अल्प वेतनावर शिक्षकाचे व्रत पत्करले होते.

टिळक गणित आणि संस्कृत शिकवीत. लहानपणी वहीत पायऱ्या न लिहिणारा मुलगा शिक्षक झाल्यावर फळ्यावरही फारसे लिहीत नसे! मोठमोठी उदाहरणे ते तोंडीच सोडवीत. ज्यांची बुद्धी तल्लख, त्यांस या शिकवण्यात विलक्षण आनंद वाटे. ज्यांची गती मंद, त्यांस मात्र हा वेग झेपत नसे आणि ते मागे राहत.

येथे आपण क्षणभर थांबले पाहिजे, कारण या प्रश्नाची दुसरी बाजू येथे दिसते. प्रत्येक विद्यार्थी काही बाळ टिळक नसतो. ज्यास एकदा ऐकून समजत नाही, त्यास पुन्हा पुन्हा करून पाहण्यावाचून गत्यंतर नाही. पाढे, शुद्धलेखन, भागाकार या गोष्टी सरावाने पक्क्या होतात आणि दीड महिना हात न लावल्यास त्या विसरतातही. म्हणून सुटीतील सराव हा निरर्थक आहे, असे मी म्हणणार नाही. परंतु ज्यास जे येत नाही, त्याचाच सराव त्यास द्यावा. ज्यास भागाकार उत्तम येतो, त्याच्याकडून दोनशे भागाकार करवून घेतल्याने कोणाचे हित होते? आणि ज्यास भागाकार मुळीच येत नाही, त्यास ते घरी कोण समजावून देणार?

सोसायटीच्या आजीव सभासदांनी बाहेर अर्थार्जनाची कामे करू नयेत, आपला वेळ संस्थेस द्यावा, असा टिळकांचा आग्रह होता. या आणि इतर मतभेदांमुळे ते १८९० च्या अखेरीस संस्थेतून बाहेर पडले. पण शिक्षणाचा विचार त्यांनी सोडला नाही. स्वराज्य, स्वदेशी, बहिष्कार आणि राष्ट्रीय शिक्षण ही चतुःसूत्री त्यांनी पुढे देशापुढे मांडली. १९०८ मध्ये बार्शी येथील व्याख्यानात त्यांनी राष्ट्रीय शिक्षणाचे स्वरूप विशद केले. परक्या भाषेतून शिकावे लागल्यामुळे विद्यार्थ्यांच्या बुद्धीवर व्यर्थ भार पडतो आणि तो हलका केला पाहिजे, हा त्यांतील एक मुद्दा होता. अभ्यास कमी करावा, असा त्याचा अर्थ नव्हता. जो भार वाहून ज्ञान वाढत नाही तो उतरवावा, म्हणजे खऱ्या विद्येस आणि उद्योगाच्या शिक्षणास जागा होईल, हा त्यामागील विचार होता.

आता त्यांच्या सुटीकडे वळू. केसरी आणि मराठा या वृत्तपत्रांचे काम, सभा आणि खटले यांच्या धकाधकीतून उन्हाळ्यात सवड मिळाली, की टिळक सिंहगडावर जाऊन राहत. पुण्याच्या नैर्ऋत्येस असलेल्या या उंच गडावर वैशाखातही वारा शीतल असतो. तेथे त्यांचा एक बंगला होता. आजही तो यात्रेकरू पाहतात. गडावर ते विश्रांती घेत आणि जो अभ्यास एरवी करावयास मिळत नसे तो करीत. वेद आणि ज्योतिर्गणित हा त्यांचा आवडता विषय होता. त्यावरील ओरायन हा त्यांचा ग्रंथ १८९३ मध्ये आणि वेदांतील आर्यांचे मूलस्थान उत्तर ध्रुवप्रदेशात असावे, असे प्रतिपादन करणारा दुसरा ग्रंथ १९०३ मध्ये प्रसिद्ध झाला. हा सिद्धान्त आजचे संशोधक मान्य करीत नाहीत. परंतु राजकारणात गुंतलेल्या मनुष्याने, कोणी सांगितले नसता, केवळ जिज्ञासेपोटी एवढा व्यासंग करावा, हे नवल कमी नाही.

या दुसऱ्या ग्रंथाची बीजे तर तुरुंगात रुजली. १८९७ मध्ये राजद्रोहाच्या आरोपावरून टिळकांना दीड वर्षाची शिक्षा झाली. विख्यात पंडित मॅक्स म्यूलर यांनी आपण संपादिलेल्या ऋग्वेदाची प्रत त्यांच्याकडे पाठविली. ती वाचण्यास आणि रात्री काही तास दिवा वापरण्यास सरकारने परवानगी दिली. दिवसभराचे श्रम झाल्यावर त्या दिव्याच्या प्रकाशात टिळक ऋग्वेदाची सूक्ते अभ्यासीत.

याहून कठोर कसोटी पुढे होती. जुलै १९०८ मध्ये त्यांना सहा वर्षांची शिक्षा झाली. मुंबईच्या गिरणी कामगारांनी सहा वर्षांसाठी सहा दिवस संप करून आपला संताप प्रकट केला. टिळकांना ब्रह्मदेशातील मंडाले येथे नेण्यात आले. तुरुंगवास म्हणजे सुटी नव्हे, हे कोणासही सांगावयास नको. परंतु तेथेही मनुष्यापुढे रिकामा दिवस उभा राहतो आणि तो कसा भरावयाचा, हे त्याचे त्यानेच ठरवावयाचे असते. टिळकांनी शेकडो ग्रंथ मागवून घेतले. पन्नाशी उलटल्यावर जर्मन, फ्रेंच आणि पाली या भाषा ते अभ्यासू लागले. २ नोव्हेंबर १९१० रोजी त्यांनी गीतारहस्य हा ग्रंथ लिहावयास घेतला आणि ३० मार्च १९११ रोजी, म्हणजे सुमारे पाच महिन्यांत, तो पूर्ण केला. शाई मिळत नव्हती; सारे लेखन पेन्सिलीने बांधीव वह्यांत झाले. १९१२ साली पत्नी सत्यभामाबाई पुण्यास निवर्तल्याची वार्ता त्यांना त्याच कोठडीत कळली. तो आघात सोसूनही त्यांनी आपला नेम मोडू दिला नाही.

१९१४ च्या जून महिन्यात ते सुटून आले. परंतु गीतारहस्याच्या वह्या सरकारने ठेवून घेतल्या. दिवस जाऊ लागले, तशी मित्रांस चिंता वाटू लागली. एवढ्या परिश्रमाचे फळ नाहीसे झाले तर काय? टिळक मात्र निश्चिंत होते. वह्या सरकारजवळ असल्या तरी ग्रंथ आपल्या डोक्यात आहे. वेळ पडल्यास सिंहगडावर जाऊन बसू आणि तो पुन्हा लिहून काढू, अशी त्यांची तयारी होती. सुदैवाने वह्या परत मिळाल्या आणि १९१५ मध्ये ग्रंथ प्रसिद्ध झाला. १ ऑगस्ट १९२० रोजी मुंबईत सरदारगृह येथे त्यांनी देह ठेवला.

विद्यार्थिमित्रांनो, वह्या गेल्या तरी विद्या गेली नाही, असे किती जणांस म्हणता येईल? सुटीतील अभ्यासाची वही जूनमध्ये हरवली, तर तुमच्याजवळ काय उरेल? माझ्या मते, दिलेला अभ्यास योग्य की अयोग्य, हे ठरविण्याची कसोटी हीच आहे. वहीबरोबर जो नाहीसा होतो, तो देऊ नये. वही गेली तरी जो उरतो, तो अवश्य द्यावा.

एका गोष्टीचे विस्मरण मात्र आम्हा शिक्षकांस होता कामा नये. बाळ टिळकांच्या शेजारी गंगाधरपंत बसले होते. कुर्ल्याच्या एका खोलीत सहा माणसांसह राहणाऱ्या मुलाशेजारी कोण बसणार? त्याची आई पहाटे कामावर जाते आणि वडील रात्री परततात. कोणी मुलगी सुटीत धाकट्या भावंडांना सांभाळते, कोणी मुलगा वडिलांच्या गाडीवर भाजी विकू लागतो. भाजीचा हिशेब तोंडी करणारा तो मुलगा पाच उदाहरणे वहीत उतरवू शकला नाही, तर त्यास वर्गात उभे करणे हा न्याय नव्हे. ही चूक माझ्या हातून झाली आहे, म्हणून ती येथे सांगतो. त्या मुलाने हिशेब केला होता. फक्त तो माझ्या वहीत नव्हता.

आज पुन्हा मुख्याध्यापकाच्या खुर्चीवर बसण्याचा प्रसंग आला, तर मी सुटीची वही बंद करीन, असे नाही. ती पातळ करीन. ज्यास जे कच्चे आहे, त्याचा थोडा सराव आणि तोही शाळेत समजावून दिल्यानंतरच. त्यापलीकडे प्रत्येकाने स्वतः निवडलेले एक काम : एखादे पुस्तक वाचावे, पोहावयास शिकावे, आजीकडून शेताची किंवा स्वयंपाकाची माहिती मिळवावी, एखादे अवघड कोडे सुटेपर्यंत सोडू नये. जूनमध्ये पाने मोजण्याऐवजी मी प्रत्येकास जवळ बोलावून काय केले ते ऐकून घेईन. गंगाधरपंतांची एक पै माझ्याजवळ नाही, पण ऐकण्यास वेळ आहे.

टर्मिनसवरून सुटलेली कोकणची गाडी काही तासांनी रत्नागिरीस पोहोचते. त्या गावी टिळक आळीत लोकमान्यांचे जन्मघर जतन करून ठेवले आहे. आजोळी जाताना सवड मिळाल्यास ते पाहून या. मात्र त्यावर निबंध लिहून आणण्याची आज्ञा मी करणार नाही. पाहून तुम्हांस काही सांगावेसे वाटले, तर शाळा उघडल्यावर आपल्या गुरुजींना सांगा.